भायखळ्याचा तुरुंग, उंधेऱ्याची घरे आणि गुणाकाराची भाषा

नोकरीनिमित्त बंगळुरात आलेल्या मराठी माणसाला मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ही नावे लवकरच ओळखीची होतात. काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, घरांच्या पाठीमागून जाणाऱ्या सफाईच्या अरुंद गल्ल्या, हवा-उजेडासाठी मोकळी सोडलेली आवारे. या दोन्ही वसाहती १८९० च्या दशकात आखल्या गेल्या. १८९८ च्या ऑगस्टमध्ये शहरात प्लेग शिरला, आणि जुन्या दाट पेठांतून बाहेर पडणाऱ्यांचा ओघ या नव्या वसाहतींकडे वळला. शहराच्या जुन्या भागांत प्लेगम्मा किंवा प्लेग मारियम्मा या नावाने ओळखली जाणारी देवळे अजून सापडतात. ती पाहिली की त्या साथीची धास्ती किती खोल गेली असेल याची कल्पना येते.

ही साथ रेल्वेमार्गाने हुबळीकडून बंगळुरात आली असे मानले जाते. हुबळी त्या काळी मुंबई इलाख्याच्या धारवाड जिल्ह्यात होती. म्हैसूर संस्थानाने प्लेगच्या कामासाठी कमिशनर नेमले ते व्ही. पी. माधवराव यांना. कुंभकोणमच्या मराठी देशस्थ घराण्यातले हे गृहस्थ पुढे त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. परमुलखात राहून कारभार सांभाळणाऱ्या मराठी माणसांच्या परंपरेतले हे एक ठळक नाव आहे. त्यांच्यासारख्या अधिकाऱ्यांपुढे मुख्यतः दोन उपाय होते. पहिला, लोकांना रोगट वस्तीतून हलवून मोकळ्या जागेत नेणे. दुसरा, हाफकिनची लस टोचणे. दोन्हींना माणसे लागत, पैसा लागत असे आणि लोकांची संमती लागत असे, आणि या तिन्ही गोष्टी अपुऱ्या होत्या. मग प्रश्न असा येतो : जेथे माणसे हलवली आहेत तेथेही टोचणीवर तेवढीच शक्ती खर्च करावी काय? की एका उपायाने दुसऱ्याचे महत्त्व कमी होते?

प्रश्न जुना असला तरी तो माझ्याही टेबलावर वेगळ्या वेषात आला होता, आणि त्याचे उत्तर मी चुकीचे दिले होते. म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी एका योजनेचा मूल्यमापन अहवाल माझ्याकडे आला. काही गावांत नळाचे शुद्ध पाणी पोचले होते, काही गावांत आरोग्यसेविकांच्या गृहभेटी सुरू झाल्या होत्या, काही ठिकाणी दोन्ही आणि काही ठिकाणी काहीच नव्हते. मोजायची गोष्ट होती गावातील अतिसाराच्या रुग्णांची संख्या. अहवालकर्त्यांनी मोजसंख्यांसाठी वापरले जाणारे रिग्रेशनचे प्रतिमान बसवले होते आणि त्यात ‘पाणी गुणिले गृहभेट’ अशी एक परस्परक्रियेची संज्ञा घातली होती. तिचा सहगुणक शून्याहून वेगळा म्हणण्याजोगा नव्हता. मी टिपणी लिहिली : ‘दोन्ही उपाय परस्परांपासून स्वतंत्रपणे परिणाम करतात. सबब गृहभेटींसाठीचे मनुष्यबळ सर्व तालुक्यांत समप्रमाणात विभागावे.’ अर्थशास्त्रात एम. ए. केलेल्या माणसाने लिहिलेली, वरकरणी निर्दोष टिपणी. प्रस्ताव मंजूर झाला.

महिन्याभराने आमच्याकडील एका तरुण सांख्यिकी अधिकाऱ्याने तोच तक्ता पुढे ठेवून विचारले, “सर, टक्क्यांचे ठीक आहे. पण एका गृहभेटीमागे रुग्ण किती कमी झाले?” तिने कागदावर चार आकडे मांडले आणि माझ्या लक्षात आले की ज्या प्रश्नाचे उत्तर अहवालात होते तो माझा प्रश्नच नव्हता. जेथे नळ पोचले नव्हते, जेथे रुग्ण सर्वाधिक होते, त्या तालुक्यांना मी नळवाल्या तालुक्यांइतक्याच सेविका दिल्या होत्या. वाटप पुढच्या वर्षी बदलले. मधले एक वर्ष मात्र गेले ते गेलेच.

त्यानंतर हा विषय नीट समजून घ्यावा म्हणून मी वाचू लागलो आणि फिरत फिरत पुन्हा प्लेगपाशी आलो. कारण या गुंत्याचे मला ठाऊक असलेले सर्वांत स्वच्छ उदाहरण प्लेगच्या टोचणीच्या पहिल्या दोन नोंदींत आहे.

मुंबईत प्लेगचे निदान सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी केले. कलकत्त्यात पटकीच्या लशीवर काम करीत असलेले वाल्देमार हाफकिन मुंबईस बोलावले गेले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहान प्रयोगशाळेत त्यांनी काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला तेथील कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस टोचण्यात आली. टोचणीच्याच दिवशी ज्यांचा आजार उघड झाला, म्हणजे रोग आधीच ज्यांच्या अंगात होता, त्यांना वगळून हिशेब झाला तो असा : न टोचलेल्या १७२ कैद्यांत १२ जणांना प्लेग झाला व त्यांतील ६ दगावले. टोचलेल्या १४७ कैद्यांत २ जणांना प्लेग झाला, मृत्यू एकही नाही.

दुसरी नोंद बडोदे संस्थानातील उंधेरा या गावची, सयाजीराव महाराजांच्या काळातली. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथे प्लेग चालू असताना हाफकिन यांनी कुटुंबवार माणसे समोर बसवून प्रत्येक घरातील साधारण निम्म्यांना लस टोचली. वय, स्त्री-पुरुष, प्रकृती या बाबतींत दोन्ही बाजू शक्य तितक्या सारख्या राहाव्यात हा हेतू होता. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग झाला त्यांची मोजदाद झाली. त्या घरांतील न टोचलेल्या ६४ जणांत २७ जणांना प्लेग झाला आणि २६ दगावले. टोचलेल्या ७१ जणांत ८ जणांना प्लेग झाला आणि ३ दगावले.

या आकड्यांमागे माणसे आहेत हे क्षणभर ध्यानात घ्यावे. एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणाऱ्या भावंडांपैकी एक रांगेच्या या बाजूला आणि दुसरे त्या बाजूला. त्याच काळात पुण्यात सक्तीच्या घरतपासणीने लोक संतापले होते. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. त्याआधी १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. सरकारच्या हाती १८९७ चा साथरोग कायदा होता, पण लोकांचा विश्वास नव्हता. अशा वातावरणात टोचणीचा उपयोग किती, हे आकड्यांनी सांगता येणे ही चैनीची गोष्ट नव्हती.

आता आपला प्रश्न. टोचणीचा परिणाम भायखळ्यात अधिक झाला की उंधेऱ्यात?

प्रथम गुणोत्तराने पाहू. भायखळ्यात न टोचलेल्यांत रोगाचे प्रमाण शेकडा ६.९८ आणि टोचलेल्यांत शेकडा १.३६. म्हणजे टोचणीनंतर रोग मूळच्या ०.१९५ पट, साधारण पाचव्या हिश्शावर आला. उंधेऱ्यात न टोचलेल्यांत शेकडा ४२.१९ आणि टोचलेल्यांत शेकडा ११.२७. म्हणजे ०.२६७ पट, चौथ्या हिश्शाच्या किंचित वर. या हिशेबाने टोचणी भायखळ्यात थोडी अधिक गुणकारी ठरते.

आता वजाबाकीने पाहू. भायखळ्यात टोचणीमुळे दर शंभर माणसांमागे ५.६ आजारी कमी झाले. उंधेऱ्यात दर शंभरांमागे ३०.९. या हिशेबाने टोचणीचा लाभ उंधेऱ्यात पाचपटींहून अधिक आहे.

आकडे तेच, लस तीच, आणि दोन उत्तरे परस्परविरोधी. यांतले एक खोटे असे नाही. ‘परिणाम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि आपण बोलताना ते एकमेकांत मिसळतो.

मोजसंख्यांच्या प्रतिमानात नेमके हेच घडते. रुग्ण, मृत्यू, अपघात, तक्रारी अशा शून्य, एक, दोन, तीन या क्रमाने मोजल्या जाणाऱ्या संख्यांसाठी प्वासाँचे विभाजन वापरतात. योगायोगाची गोष्ट अशी की बंगळुरात प्लेग आला त्याच १८९८ साली बोर्टकीविच यांचे ‘लहान संख्यांचा नियम’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने दगावलेल्या सैनिकांची वीस वर्षांची मोजदाद प्वासाँच्या सूत्राशी पडताळून पाहिली होती. अशा संख्या ऋण होऊ शकत नाहीत. म्हणून प्रतिमान थेट संख्येचे न मांडता अपेक्षित संख्येच्या लॉगॅरिदमचे मांडतात. लॉगॅरिदमची बेरीज म्हणजे मूळ संख्यांचा गुणाकार हे आपण शाळेत शिकलो. त्यामुळे असे प्रतिमान वरून बेरजेचे दिसले तरी आतून गुणाकाराचे असते.

वरचे चार आकडे त्यात घालू. एकूण माणसांची संख्या निरनिराळी असल्याने तिचा लॉगॅरिदम प्रतिमानात आधीच धरतात, म्हणजे मोजणी दरडोई होते. मग चार गोष्टी मिळतात. पायाचा दर, म्हणजे भायखळ्यातील न टोचलेल्यांचा : शेकडा ६.९८. टोचणीचा गुणक भायखळ्यासाठी : ०.१९५. स्थळाचा गुणक, म्हणजे न टोचलेल्यांत उंधेरा भायखळ्याच्या किती पट : ६.०५. आणि चौथा परस्परक्रियेचा गुणक : ०.२६७ भागिले ०.१९५, म्हणजे १.३७.

या १.३७ चा अर्थ काय? तो कोणत्याही रुग्णसंख्येतील फरक सांगत नाही. तो दोन गुणोत्तरांचे गुणोत्तर आहे. उंधेऱ्यातील टोचणीचे गुणोत्तर भायखळ्यातील गुणोत्तराच्या १.३७ पट आहे, इतकेच तो सांगतो. शिवाय आकडे लहान असल्याने त्याची ९५ टक्के विश्वासाची कक्षा साधारण ०.२५ पासून ७.४ पर्यंत पसरते. या कक्षेत १ येतो. गुणाकारात १ म्हणजे ‘काही बदल नाही’. तेव्हा अहवालात वाक्य येईल : परस्परक्रिया आढळली नाही.

आता त्याच प्रतिमानातून वजाबाकीची परस्परक्रिया काढू. उंधेऱ्यातील घट ३०.९, भायखळ्यातील घट ५.६, दोहोंतील अंतर दर शंभरी २५.३. याची कक्षा साधारण ७ ते ४४. यात शून्य येत नाही. म्हणजे एका मोजपट्टीवर परस्परक्रिया दिसत नाही आणि दुसऱ्या मोजपट्टीवर ती स्पष्ट दिसते. माझ्या टिपणीतली चूक हीच होती. पहिल्या पट्टीवरचे ‘नाही’ मी दुसऱ्या पट्टीवरचे ‘नाही’ समजून लिहिले.

हे केवळ लहान आकड्यांमुळे होते असे वाटू नये म्हणून एक काल्पनिक पण सरळ हिशेब देतो. समजा एका पेठेत १००० माणसे आहेत आणि काहीच केले नाही तर ४०० जणांना प्लेग होईल. टोचणीने रोग चौथ्या हिश्शावर येतो, म्हणजे १००. माणसे मोकळ्या जागेत हलवल्याने रोग दहाव्या हिश्शावर येतो, म्हणजे ४०. दोन्ही उपाय एकमेकांच्या गुणात काही भर घालत नाहीत आणि काही काढूनही घेत नाहीत असे धरले, तर दोन्ही केल्यावर ४०० चा चौथा हिस्सा आणि त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे १० रुग्ण उरतील. येथे परस्परक्रियेचा सहगुणक नेमका शून्य आहे. तरी पाहा : न हलवलेल्या पेठेत टोचणीने ३०० माणसे वाचली, हलवलेल्या पेठेत तीच टोचणी ३० जणांना वाचवते. टोचणीचा संख्यात्मक लाभ दहाव्या हिश्शावर आला आणि प्रतिमान म्हणते परस्परक्रिया नाही. प्रतिमान खोटे बोलत नाही. गुणाकाराच्या भाषेत खरोखरच ती नाही. पण डॉक्टर कोठे पाठवायचे हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला ३०० आणि ३० यांतला फरक कळला नाही तर त्याने काय ठरवायचे?

येथे दोन पथ्ये सांगितली पाहिजेत, नाहीतर मीच आणखी एक सोपी चूक पसरवीन.

पहिले पथ्य असे की वजाबाकीची पट्टी पायाच्या दरावर अवलंबून असते, आणि तो दर कोठून आला हे पाहिल्याखेरीज तिचा अर्थ लागत नाही. उंधेऱ्याचे आकडे सबंध गावाचे नाहीत. ते केवळ प्लेग शिरलेल्या २८ घरांचे आहेत. भायखळ्याचे आकडे सबंध तुरुंगाचे आहेत. शिवाय तुरुंगातील निरीक्षण साधारण आठवडाभराचे आणि उंधेऱ्यातील सुमारे दीड महिन्याचे. म्हणून ४२ आणि ७ यांतला फरक म्हणजे गुजराती खेडे आणि मुंबईचा तुरुंग यांतला फरक असे म्हणता येणार नाही. तो बराचसा ‘घरात प्लेग आलेला असणे’ आणि ‘बंदिस्त आवारात कोठेतरी प्लेग असणे’ यांतला, आणि काळाच्या लांबीतला फरक आहे. उलट टोचणीचे गुणोत्तर या निवडीने फारसे बिघडत नाही, कारण त्याच घरांतील टोचलेल्यांची तुलना न टोचलेल्यांशी होते. गुणोत्तर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यास सोयीचे असते ते यामुळे. लस किती चांगली, हा प्रयोगशाळेचा प्रश्न असेल तर हाफकिन यांची टक्केवारीच योग्य भाषा होती.

दुसरे पथ्य पसरणीचे. प्वासाँचे सूत्र प्रत्येक घटना स्वतंत्र मानते. प्लेग तसा नव्हता. एका घरात शिरला की त्याच घरात तीन-चार जणांना गाठत असे, तर शेजारचे घर कोरडे राही. अशा गठ्ठ्याने येणाऱ्या घटनांत चढउतार प्वासाँच्या अपेक्षेपेक्षा जास्त असतात. यावर मार्ग दाखवणाऱ्यांत मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल यांची नावे येतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांचे अपघात मोजताना त्यांना दिसले की काहींना वारंवार अपघात होतात आणि अनेकींना एकही नाही. १९२० च्या त्यांच्या लेखातून ऋण द्विपद विभाजन मोजसंख्यांच्या अभ्यासात रुळले. माझ्याकडील अहवालातही तेच वापरले होते. त्याने वर दिलेल्या कक्षा आणखी रुंदावतील. पण त्यातील सहगुणकांचा अर्थ गुणाकाराचाच राहतो. प्रतिमान सुधारले म्हणून वाचन आपोआप सुधारत नाही.

याच दोघांनी १९१५ मध्ये विषमज्वर आणि पटकीच्या टोचणीच्या आकडेवारीचे परीक्षण केले होते. तुलना वैध व्हायची तर दोन्ही बाजू सर्व महत्त्वाच्या बाबतींत सारख्या हव्यात आणि संसर्गाचा संभव सारखा हवा, असा त्यांचा आग्रह होता. हिंदुस्थानातील प्लेग कमिशनने १८९८-९९ च्या चौकशीत टोचणीच्या आकड्यांच्या अचूकपणावर बरीच टीका केली. तरी टोचणीने रोगाचे आणि मृत्यूचे प्रमाण कमी होते हा निष्कर्ष मात्र तिने मान्य केला. त्या टीकेत तथ्य होते. हुबळीत १८९८ मध्ये सुमारे ३८ हजार लोकांना टोचण्यात आले. अशा शहरात हिशेबाचा पायाच हलता असतो. कोणी गाव सोडून शिवारात झोपडी बांधतो, कोणी आज टोचून घेतो आणि एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जातो. न टोचलेले नेमके किती, हे दर आठवड्याला नव्याने मोजावे लागते. त्या मानाने तुरुंगाची हजेरी आणि उंधेऱ्याची घरे यांचा पाया स्थिर होता. लहान असूनही ते आकडे आज उपयोगी पडतात ते म्हणूनच.

मृत्यूंचे आकडे पाहिले तर आणखी एक अडचण दिसते. भायखळ्यात टोचलेल्यांत मृत्यू शून्य. शून्याचा लॉगॅरिदम निघत नाही, त्यामुळे संगणक येथे अवास्तव मोठा ऋण सहगुणक आणि त्याहून मोठी अनिश्चितता छापतो. वाचणारा गोंधळून ती ओळ सोडून देतो. वजाबाकीला ही अडचण येत नाही : न टोचलेल्यांत शेकडा ३.५ मृत्यू, टोचलेल्यांत शून्य, फरक ३.५.

मग गुणाकाराची ही सवय आपल्याला लागली कशी? तिचा इतिहास थोडक्यात असा. १९३५ मध्ये बार्टलेट यांनी अनेक पदरी तक्त्यांतील परस्परक्रियेची व्याख्या केली तीच गुणोत्तरांच्या समानतेवर. १९७२ मध्ये नेल्डर आणि वेडरबर्न यांनी निरनिराळी प्रतिमाने एका छत्राखाली आणली आणि मोजसंख्यांसाठी लॉगॅरिदम हा स्वाभाविक दुवा ठरला. पुढे संगणकावर ती सर्वांच्या हाती आली. जे छापून येते ते वाचले जाते, आणि छापून येतो सहगुणक. १९७० व १९८० च्या दशकांत केनेथ रॉथमन यांच्यासारख्या रोगपरिस्थितिविज्ञांनी सांगितले की लोकांच्या आरोग्याचा प्रश्न असेल तर बेरीज-वजाबाकीच्या पट्टीवर परस्परक्रिया पाहावी. अर्थशास्त्रज्ञांना जाग आली ती उशिरा. २००३ मध्ये आय आणि नॉर्टन यांनी एका छोट्या लेखात दाखवले की ‘होय-नाही’ प्रकारच्या प्रतिमानांत गुणाकाराच्या संज्ञेचा सहगुणक म्हणजे परस्परक्रियेचा परिणाम नव्हे, आणि दोहोंची चिन्हेसुद्धा उलट असू शकतात. मोजसंख्यांना तेच लागू आहे. आमच्या पिढीने एम. ए. केले तेव्हा रिग्रेशन सरळ रेषेचे होते. तेथे सहगुणक हाच परिणाम असे आणि त्यात ही फट नव्हती. जुनी सवय नव्या तक्त्यावर लावली की माझ्यासारखी टिपणी होते.

२०२० च्या मार्चमध्ये कर्नाटकासह अनेक राज्यांनी तोच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर काढला, आणि २०२१ मध्ये लशींची परिणामकारकता आपण सर्वांनी टक्क्यांत ऐकली. तेव्हाही लस देताना वृद्धांना प्राधान्य देण्यात आले. कारण उघड होते. टक्केवारी सारखी असली तरी जेथे मृत्यूचा मूळ दर मोठा तेथे वाचणारे जीव अधिक. हे कोणी रिग्रेशन करून ठरवले नसते तरी सामान्य बुद्धीने पटले असते. अडचण तेव्हाच होते जेव्हा सामान्य बुद्धीच्या जागी आपण तक्त्यातली तारांकित ओळ ठेवतो.

हाफकिन यांचे पुढचे नशीब वाचले की वाईट वाटते. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुल्कोवाल गावी टोचणीनंतर १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि दोषमुक्त व्हायला १९०७ उजाडले. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले ते १९२५ मध्ये. त्या १९ मृत्यूंचे गुणोत्तर कोणी काढले नाही. गावकऱ्यांनी माणसे मोजली, आणि तेथे तेच योग्य होते.

माधवरावांनी बंगळुरात टोचणी आणि स्थलांतर यांचा मेळ कसा घातला असता, याचा मी अनेकदा विचार करतो. त्यांच्याजवळ प्रतिमान नव्हते. पण मोकळ्या जागेतील झोपड्यांपेक्षा दाट पेठेतील घरांत टोचणीवाल्याची एक फेरी अधिक जीव वाचवील, हे समजायला प्रतिमान लागतही नाही. प्रतिमानाचे काम हे शहाणपण किती पटीने खरे आहे हे मोजण्याचे आहे.

आता माझ्याकडे असा अहवाल आला की मी दोन गोष्टी मागतो. सहगुणकांच्या तक्त्याखाली चारही परिस्थितींतील अपेक्षित संख्या, दर हजारी आणि त्यांच्या कक्षांसह छापा : काहीच नाही, फक्त पहिला उपाय, फक्त दुसरा, दोन्ही. आणि ‘परस्परक्रिया नाही’ असे लिहिले असेल तर कोणत्या पट्टीवर नाही ते त्याच वाक्यात लिहा. त्या तरुण अधिकाऱ्याने त्या दिवशी हेच चार आकडे पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहिले होते. तो कागद मी त्या फाइलच्या माझ्याकडील प्रतीला टाचून ठेवला आहे, माझ्या टिपणीच्या पानावरच.